हद्द जिन्यावरून जाते

मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत राहणाऱ्या वडिलांचा हा प्रश्न. मुलगी इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. वर्गात ६८ मुलं, एका बाकावर तीन-तीन. पालकसभेत सांगितलं गेलं की जूनपासून वसाहतीच्या मागच्या इमारतींतली मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जातील, पुढच्या इमारतींतली इथेच राहतील. सभेत आरडाओरडा झाला, आणि आता मागचे आणि पुढचे एकमेकांशी बोलेनासे झालेत. "बाई, अशी हद्द आखता येते का? माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो तिकडे पत्त्यावरूनच शाळा ठरते. आपल्याकडे कायदा काय आहे, आणि आम्ही करायचं काय?" आणि अगदी शेवटी, जाता जाता: "वरच्या मजल्यावर दोन खोल्यांना बारा महिने कुलूप असतं."

मी ३४ वर्षं पूर्व उपनगरांतल्या शाळांत काढली, त्यातली शेवटची ११ मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त झाल्यापासून शाळा व्यवस्थापन समित्यांना कागदपत्रं वाचायला मदत करते. दादा, तुमची ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. खरं उत्तर तिच्यातच आहे. पण आधी मेहुण्यांचा मुद्दा संपवू.

त्यांचं बरोबर आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते. आपल्याकडे तशी आखलेली हद्द नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा 'परिसरातली शाळा' म्हणतो, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत त्या परिसराचं माप दिलंय: पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. हे माप सरकारला बांधतं. एवढ्या अंतरात शाळा द्या, नाही तर मुलांच्या जाण्यायेण्याची सोय करा, असं त्याचं म्हणणं. सव्वा किलोमीटरवरून आलेल्या पोराला दारातून परत पाठवा, असं त्यात कुठेही नाही. लोक हे माप नेमकं उलटं वाचतात, शाळेतलेही वाचतात.

त्याच कायद्याचं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दुसऱ्या शाळेत बदली मागायचा हक्क कलम ५ देतं, आणि तो मुलाला देतं. तेव्हा 'तुमची इमारत आता आमच्यात येत नाही' एवढ्या कारणावर पटावरचं नाव कमी होऊ शकत नाही. मात्र प्रशासनाचे हात बांधलेले आहेत असंही नाही. ते शाळा दुसऱ्या इमारतीत हलवू शकतं, दोन शाळांचं विलीनीकरण करू शकतं, काही तुकड्यांची सोय दुसरीकडे लावू शकतं. म्हणून पहिल्याच पत्रात विचारा की हे स्थलांतर आहे, विलीनीकरण आहे, की मुलांची बदली आहे. मुलगी त्याच शाळेच्या पटावर राहणार आणि फक्त बसायची जागा बदलणार, ही एक गोष्ट. तिचं नाव दुसऱ्या यू-डायस क्रमांकाखाली (हा प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) जाणार, ही पूर्ण वेगळी. दुसऱ्या प्रकारात तुमच्याकडून दाखल्याचा अर्ज लिहून घेतील. असे अर्ज सभेत छापील वाटले जातात आणि माणसं शेजारच्याचं बघून सही करतात. घाईने सही करू नका. सही झाली की कागदावर ती 'पालकांनी स्वेच्छेने मागितलेली बदली' होते, आणि मग भांडायला कोणतं कलम उरत नाही.

याच वसाहतीतल्या एका ताईंनी खासगी शाळांत दुर्बल-वंचित गटांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांबद्दल विचारलंय, तेही इथेच उरकते. तिथे मात्र अंतर मुलालाच लागू होतं. अर्जात नकाशावर घराच्या जागी बलून ठेवायचा, दहापर्यंत शाळा निवडायच्या, आणि एक किलोमीटरच्या आतल्यांचा नंबर आधी. बलून चार गल्ल्या सरकवला की शाळा 'जवळ' येते हे सगळ्यांना कळलेलं आहे, आणि पडताळणीत भाडेकरार मागतात तेव्हा तो सरकवलेला बलून उघडा पडतो आणि प्रवेश रद्द होतो. करू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबईत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसलेली जागा शोधून दाखवा! म्हणजे ही सगळी मुलं पुन्हा तुमच्या मुलीच्या तीन जणांच्या बाकावर. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला.

आता कुलपाकडे.

या शहरात शाळांची गर्दी सरसकट नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत कुलाबा ते शीव-माहीम या बेटावरची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली, आणि उपनगरांची ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव रिकामं होत गेलं. चाळींच्या जागी मनोरे आले, आणि मनोऱ्यांतली मुलं पालिका शाळेत येत नाहीत. लालबाग-परळला भरपूर उजेडाच्या, उंच छताच्या वर्गखोल्या मुलांची वाट बघत बसल्या. इकडे रेल्वेलगतच्या आणि रस्त्यांत गेलेल्या झोपड्यांतली माणसं सात-सात मजली इमारतींत आणून ठेवली: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका. घरं एकदम आली, शाळेच्या खोल्या मागाहून आल्या, काही ठिकाणी आल्याच नाहीत.

पण मानखुर्द-गोवंडीतही इमारत सगळी भरलेली नसते. भरतं ते माध्यम. पालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात आणि एकेका इमारतीत दोन-तीन शाळा असतात: तळमजल्यावर इंग्रजी, पहिल्यावर हिंदी किंवा उर्दू, वर मराठी. प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे, पट वेगळा, कपाटं वेगळी. त्यात सकाळचं आणि दुपारचं अशी दोन अधिवेशनं. एका शाळेत पोरं खिडकीत बसतात आणि वीस पायऱ्या चढून गेलं की दुसऱ्या शाळेच्या खोलीत जुने बाक रचून कुलूप लावलेलं. खरी हद्द ही, जिन्यावरून जाणारी. ती नकाशावर दिसत नाही म्हणून सगळे रस्त्यावरच्या रेषेवरून भांडतात.

वरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लगेच खलनायक करू नका. मी त्या खुर्चीत बसलेय. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. मराठी शाळेचा पट घसरत असला की बाईंना एकच भीती असते: शिक्षक अतिरिक्त ठरणार, त्यांचं समायोजन कुठे तरी दूर होणार, आणि एक दिवस शाळाच बंद. त्यात खोली दिली की ती परत मिळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. मग त्या खोलीला 'गणित प्रयोगशाळा', 'साहित्य कक्ष' अशी पाटी लागते. मीही एका खोलीवर तशी पाटी लावली होती. आत खेळाचं एक मॅट आणि दोन मोडके फळे होते.

तुमच्या वर्गातल्या ६८ चा हिशोबही तपासून घ्या. कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच, आणि २०० च्या वर ४० मुलांमागे एक असं प्रमाण आहे. हे प्रमाण अख्ख्या शाळेचं काढतात, तुमच्या खोलीचं नाही. माझा अनुभव असा की ६८ चा वर्ग दिसला की बरेचदा तो ३४ आणि ३४ असतो. दोन तुकड्या, दोन बाई, एकच खोली. एक बाई फळ्याच्या डाव्या बाजूला वजाबाकी घेतात, दुसऱ्या उजव्या बाजूला कविता म्हणवून घेतात. कागदावर प्रमाण छान, अहवालात गर्दी शून्य. पण त्याच परिशिष्टात दुसरी ओळ आहे: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. या ओळीचं नाव सभेत कोणी घेत नाही. तुमच्या वर्गाला दोन बाई आहेत की एक, हे मुलीलाच विचारा. दोन असतील तर तुमची कमतरता खोल्यांची आहे. एकच असतील तर प्रकरण शिक्षकांचं आहे, आणि रस्त्यापलीकडे गेल्याने ते सुटेलच असं नाही.

एकच बाई असण्यामागे आणखी एक गोष्ट असू शकते. संचमान्यतेसाठी आधार जुळलेलीच मुलं धरतात. पुनर्वसन वसाहतीत किती तरी मुलांच्या आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, कुणाची जन्मतारीख वेगळी, कुणाचं आधारच काढलेलं नाही. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, आणि शिक्षक मोजताना मात्र ते नसतं. प्रवेश यामुळे अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. पण शिक्षक कमी येतात. २०११ च्या पटपडताळणीत खोटे पट सापडले तेव्हापासून सरकारचा शाळांच्या आकड्यावर विश्वास बसत नाही, आणि त्याची किंमत खरी मुलं मोजतात. वसाहतीत एक रविवार आधार दुरुस्तीला लावलात तर तो मोर्चापेक्षा जास्त उपयोगाचा ठरेल.

मी स्वतः एकदा रेषा आखली आहे, ती सांगते, कारण तुमच्याकडे तेच होऊ घातलंय.

आमच्या शाळेत मुलं मावेनात. मी, दोन शिक्षिका आणि समितीतले तीन पालक अशा सहा जणांनी कार्डशीटच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने वस्ती काढली. नाल्याच्या अलीकडचे इथे, पलीकडचे दुसऱ्या शाळेत. अंतर मोजलं, आठशे मीटर भरलं, नियमात बसलं. पण ते आठशे मीटर पट्टीने मोजलेले. पोरांना हार्बर लाइनचा पूल चढून उतरावा लागायचा, पंचवीस मिनिटं लागायची, पावसाळ्यात जास्त. आणि तिथे जागा होती ती दुपारच्या अधिवेशनात, म्हणजे सुटायचं संध्याकाळी सहाला. पाचवी ते सातवीच्या ४३ मुली पाठवल्या. दिवाळीनंतर मी सहज चौकशी केली तेव्हा २९ जात होत्या. बाकीच्या घरी धाकट्यांना सांभाळत होत्या. कुणी भांडायला आलं नव्हतं. विरोध झाला नाही म्हणजे निर्णय पटला, असं मी तोपर्यंत समजत होते. नाल्यापलीकडचं कुणीही त्या सहा जणांत नव्हतं, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

म्हणून तुमच्या समितीची यादी आधी काढा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि दुर्बल-वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. मागच्या इमारतींतले किती जण आहेत त्यात? पुढच्या इमारती आधी भरल्या, म्हणून समितीत तेच असणार असा माझा अंदाज आहे. 'हे नंतर आले आणि गर्दी झाली' हे वाक्य सभेत ऐकलं असेलच. पुढच्या इमारतीतले लोकही कुठून तरी उठवूनच आणलेत, फक्त चार वर्षं आधी. तुम्ही पुढचे की मागचे ते लिहिलं नाहीत. पुढचे असाल तर हे काम तुम्हीच करायला हवं, कारण मागच्यांनी केलं तर ते भांडण ठरेल.

मग माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. 'गर्दी का आहे' असला प्रश्न त्यात लिहू नका, त्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. नोंदी मागा. या इमारतीत कोणकोणत्या शाळा भरतात, प्रत्येकीचा इयत्तावार पट आणि मंजूर शिक्षक किती. प्रत्येक मजल्यावरच्या खोल्यांची यादी, आणि कोणती खोली सकाळी कोण वापरतं, दुपारी कोण. हा खोलीनिहाय तक्ता मिळाला की अर्धं काम झालं, कारण तो आजवर कुणी एका कागदावर मांडलेलाच नसतो. इमारतीचं संरचनात्मक परीक्षण झालं असेल तर त्याची प्रत. कुलूप असलेली खोली खरंच धोकादायक असेल, छत गळत असेल, तर ते आधी कळलेलं बरं. विभागाच्या विकास आराखड्याचं पानही बघा. २०३४ च्या आराखड्यात शाळांसाठी आरक्षित भूखंड दाखवलेत, आणि तुमच्या आसपास एखादा असेल तर त्याचं काय झालं हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. त्यातून या जूनला काही निघणार नाही, पण धाकट्याच्या वेळेला निघू शकतं.

उत्तराला तीस दिवस लागतील. तोवर समितीची बैठक मागून ठराव घ्या: वरच्या दोन खोल्या सकाळच्या अधिवेशनापुरत्या खालच्या शाळेला द्याव्यात, आणि वरच्या शाळेचा त्यांच्यावरचा हक्क कायम असल्याचं लेखी नमूद करावं. हे दुसरं वाक्य विसरू नका. वरच्या बाईंची भीती त्या वाक्याने निम्मी होते. पत्र देण्याआधी जिना चढून त्यांना भेटा, चहा घ्या. आपण मराठी माणसं मराठी शाळेची खोली इंग्रजीला द्या म्हणून सांगतोय, याचं त्यांना वाईट वाटणारच, आणि मला विचाराल तर ते वाटायला हवं. पण खोलीला कुलूप लावून मराठी शाळा वाचलेली मी तरी पाहिली नाही.

ठराव धूळ खात पडला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे पालिकेकडे, लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

खोल्या खरंच नसल्या आणि विभागणी टळत नसली, तर? तर इमारतींवरून रेषा आखायला नकार द्या. वरच्या इयत्ता हलवा. मोठी मुलं लांब चालू शकतात हे कायद्यानेच मानलंय, एक आणि तीन किलोमीटरचा फरक त्यासाठीच आहे. सहावी-सातवी-आठवी पलीकडे गेली की अख्ख्या वसाहतीतली मोठी मुलं जातात, मागची-पुढची नाही, आणि सगळ्यांच्याच घरातलं कुणी तरी जात असल्यामुळे रस्ता ओलांडायला पोलीस, झेब्रा पट्टा, सिग्नल यासाठी सगळी वसाहत ओरडते. इमारतींची रेषा आखली की अर्धीच ओरडते.

यातही एक गोम आहे. आपल्याकडे धाकट्याला शाळेत नेणारी स्कूलबस म्हणजे त्याची ताई असते. आई सहाला कामावर जाते, वडील रिक्षावर, आणि सातवीतली मुलगी दुसरीतल्या भावाचं बोट धरून निघते. वरच्या इयत्ता हलवल्या की हे बोट सुटतं. म्हणून दोन्ही शाळांचं अधिवेशन एकच हवं आणि पलीकडची घंटा वीस मिनिटं उशिरा हवी, म्हणजे ताई भावाला सोडून पुढे जाईल. सुटतानाही पलीकडची आधी सुटायला हवी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण माझ्या त्या १४ मुलींपैकी निदान निम्म्या या चाळीस मिनिटांनी शाळेत राहिल्या असत्या. इयत्ता हलवणं जमलंच नाही, तर निदान सध्याच्या मुलांना हात लावू नका, फक्त पहिलीचे नवे प्रवेश पलीकडे सुरू करा आणि ज्याचं भावंड इथे आहे त्याला इथेच घ्या. गर्दी ओसरायला तीन-चार वर्षं लागतील, पण कुणाची शाळा मध्येच तुटणार नाही.

पलीकडच्या शाळेत नेणारच असतील, तर ठराविक तारखेला दहा-बारा पालकांनी मुलांना सोबत घेऊन, दप्तरासकट, शाळेच्या वेळेला तो रस्ता चालून बघा. वेळ लिहा, ट्रक किती वेळ थांबत नाहीत ते लिहा, शौचालयाला दार आहे का ते बघा. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर उड्डाणपूल झाला तरी खालची ट्रकची रांग हटलेली नाही, आणि ती ओलांडायला सात वर्षांच्या मुलाला किती वेळ लागतो हे गूगल सांगत नाही. तो कागद सभेत वाचून दाखवा.

आणि हे सगळं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हलवा. ३० सप्टेंबर उलटला की पट गोठतो, आणि मग वरच्या बाई, खालच्या बाई, कुणाच्याच हातात वर्षभर काही राहत नाही. कुलपाची किल्ली शिपायाकडे मागू नका, त्याच्याकडे ती नसते. वरच्या शाळेच्या ऑफिसातल्या हिरव्या लोखंडी कपाटात, डाव्या खणात बघायला सांगा. आमच्याकडे तरी ती तिथेच असायची.